एका थेंबातली निळाई

दिल्लीच्या द्वारकेत, सेक्टर ८ मध्ये, राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्था आहे. तिथे मलेरियाच्या स्लाइडवर नजर परजीवी शोधत तांबड्या पेशींतून फिरते, पांढऱ्या पेशी वाटेत लागतात आणि मागे पडतात. त्यांच्यापाशी थांबावं. प्रत्येकीत जनुकं तीच, सुमारे २०,००० (लिम्फोसाइट काही जनुकं कापून नव्याने जोडते, तेवढा अपवाद). कुठली उघडी आणि कुठली मिटलेली, यावर पेशीचं रूप ठरतं.

स्लाइडवरचा रंग आपल्याच मातीतला. जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांचा हा जेएसबी रंग १९४४चा. लेशमनच्या रंगाला मद्यार्क लागतो, याला पाणी पुरतं. त्यातला निळा डीएनए-आरएनएला धरतो, इओसिन बाकीच्यावर गुलाबी छटा चढवतो. दोनच रंग, पण काय बोलके!

आधी न्यूट्रोफिल पाहा. केंद्रकाचे तीन-चार तुकडे बारीक धाग्याने जोडलेले, गडद जांभळे, म्हणजे बहुतेक जनुकं घट्ट मिटलेली. पेशीद्रव फिकट गुलाबी, कारण जंतू मारायची सामग्री तिने अस्थिमज्जेतच घडवून कणांत भरून आणलेली असते; निळा धरणारा आरएनए आता थोडाच उरलेला. स्त्रीच्या रक्तात शंभरातल्या दोन-तीन न्यूट्रोफिलना नगाऱ्याच्या टिपरीसारखा इवला गोळा लटकलेला दिसतो. तो म्हणजे गप्प केलेलं एक्स गुणसूत्र. एक अख्खं गुणसूत्र मिटलेलं, आणि ते नुसत्या भिंगातून दिसावं! मला याहून देखणा पुरावा ठाऊक नाही.

मोनोसाइटचं केंद्रक मूत्रपिंडाच्या आकाराचं, विरळ जाळीचं. ती पुढे ऊतींत जाऊन नवं रूप घेणार असते. त्या जाळीतला मोकळेपणा मला फार आवडतो.

पण खरी मेजवानी प्लाझ्मा पेशीची. ती रक्तात क्वचित भेटते, मुक्काम बहुधा अस्थिमज्जेत. विसावलेल्या लिम्फोसाइटच्या केंद्रकाभोवती निळ्याची जेमतेम किनार असते. त्याच कुळातली ही मात्र गर्द निळी. हा निळा आरएनएचा. १९४०च्या सुमारास शास्त्रज्ञ ज्याँ ब्राशे यांनी आरएनए पचवणारं विकर वापरलं, तेव्हा पेशींतल्या आरएनएने धरलेला रंग उतरला. अँटिबॉडीची जनुकं इथे अखंड वाचली जातात, त्या आज्ञांवर प्रथिनं घडवणारे अगणित रायबोसोम राबतात, आणि त्यांचाच आरएनए ही निळाई दाटवतो. केंद्रकाला लागून मात्र एक फिकट चंद्रकोर राहते. तिथे गॉल्जी, म्हणजे पेशीचं पाठवणी-केंद्र आहे, रायबोसोम नाहीत, म्हणून निळा धरत नाही. तिथेच अँटिबॉडीवर शर्करेचा शेवटचा हात फिरतो आणि ती बाहेर पडते.