कार्यात्मक आकाराचे मापन : काही आक्षेप

आज्ञावलीचा आकार तिच्या ओळी मोजून ठरविण्याची रीत पुष्कळ काळ रूढ होती. भाषा बदलली की ओळींची संख्या बदलते. वापरणाऱ्याला मिळणारे कार्य मात्र तेच राहते. ही विसंगती ओळखून आयबीएममधील अ‍ॅलन आल्ब्रेख्त यांनी १९७९ साली कार्यावर आधारलेले ‘फंक्शन पॉइंट’ हे परिमाण सुचविले. त्यामागील दृष्टी निःसंशय मोलाची होय.

तथापि या पद्धतीतील वजने कोठून आली? ती चर्चेने व प्रयोगाने ठरविली, असे खुद्द आल्ब्रेख्त यांनीच म्हटले आहे. पुढे आयएफपीयूजी या संस्थेच्या नियमावलीने त्यांना कोष्टकांचे रूप दिले. दोन ते पाच उपगट असलेली एखादी आंतरिक संचिका घ्यावी. तिच्यात १९ रकाने असल्यास ७ गुण मिळतात, २० असल्यास १०. नंतर ५० पर्यंत १०च, आणि ५१ व्या रकान्याबरोबर एकदम १५. मग रकाने तीनशे झाले तरी गुण १५च! लहान, मध्यम, मोठा हा केवळ क्रम आहे. त्या क्रमाला लावलेल्या अंकांची बेरीज करून तिला ‘माप’ म्हणावे, हे आम्हांस मान्य होण्यासारखे नाही. त्या बेरजेला वर ०.६५ ते १.३५ यांमधील गुणकाने गुणीत असत. आंतरराष्ट्रीय मानकाने हा गुणक बाजूस ठेवला, हे योग्यच झाले.

चार्ल्स सायमन्स यांच्या १९८८ च्या ‘मार्क टू’ पद्धतीने पायऱ्या काढून टाकल्या खऱ्या, पण वजने श्रमांवरून बसविली. ज्या आकारावरून श्रमांचा अंदाज करावयाचा, तोच श्रमांवरून ठरविला तर हाती काय उरते?

‘कॉस्मिक’ पद्धत (२००३ पासून आंतरराष्ट्रीय मानक) या दोषांतून सुटते. आत येणे, बाहेर जाणे, वाचणे, लिहिणे अशी माहितीच्या गटाची प्रत्येक हालचाल म्हणजे एक एकक. वर मर्यादा नाही. मात्र हालचालींच्या दरम्यान होणारी गणिती प्रक्रिया तिच्यात वेगळी मोजली जात नाही. समीकरणसंच सोडविणारी आज्ञावली आणि आलेली माहिती जशीच्या तशी परत करणारी आज्ञावली, हालचाली समान असल्यास, समान आकाराच्या ठरतात.

म्हणून कार्यालयीन व्यवहारांच्या आज्ञावल्यांसाठी आम्ही कॉस्मिकला झुकते माप देऊ. गणनप्रधान आज्ञावल्यांवरील प्रबंधांत मात्र तिचा आकडा आधारभूत धरू नये. आणि जेथे तो दिला असेल, तेथे एकाच दस्तऐवजावरून दुसऱ्या मोजणाऱ्याला काय आकडा मिळाला, हेही परीक्षकांनी विचारावे.