बुडीत खात्यातले पोहे

लग्नाच्या वेळी मुलाच्या माहितीत 'छंद : वाचन' असं लिहिण्याची आपल्याकडे रीत आहे. माझ्याही माहितीत ते होतं. सासरेबुवांनी विचारलं, "काय वाचता?" मी छातीठोकपणे म्हणालो, "कोसला, ययाति, सुदाम्याचे पोहे." खरं तर त्या आठवड्यात मी बाबूराव अर्नाळकरांची एक रहस्यकथा तिसऱ्यांदा वाचत होतो आणि खुनी कोण ते ठाऊक असूनही मला घाम फुटत होता.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. काही व्यापारी दोन वह्या ठेवतात, एक साहेबाला दाखवायची आणि एक खरी, हे मला शिकवावं लागत नाही. वाचकांचंही तेच असतं. माझ्या दाखवायच्या वहीत श्रीपाद कृष्ण कोल्हटकर पहिल्या पानावर होते. कारण स्वाभिमान! मराठी विनोदाचा हा आद्य पुरुष आमच्या बुलढाणा जिल्ह्यातला वकील. खामगाव, जळगाव जामोद इथं त्यांनी वकिली केली. 1902 साली 'विविधज्ञानविस्तारा'त त्यांचा पहिला विनोदी लेख आला, त्याचं नाव 'साक्षीदार'. वकिलाला दुसरं काय सुचणार? 1927 साली ते पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मी धामणगाव बढ्याचा, चार विनोदी लेखांचा धनी. तेव्हा त्यांना कुलपुरुष मानणं भागच होतं. मात्र कुलपुरुषाला नमस्कार करतात, वाचत कोणी नाही.

बँकेत कर्जाचा हप्ता नव्वद दिवस थकला की ते खातं अनुत्पादित ठरतं. 'सुदाम्याचे पोहे' माझ्याकडे बाराव्या पानावर थकले ते अकरा वर्षं. एकदा पुस्तक काउंटरवर ठेवलं, तर पीककर्जाला आलेल्या एका शेतकऱ्यानं विचारलं, "काय वाचून राह्यले साहेब? पोहे कसे करतेत ते?" मी हो म्हणालो. नाहीतरी तितकंच माहीत होतं.

पण थोड्या मुदतीच्या पिकाच्या कर्जाला नव्वद दिवसांचा नियम नसतो, दोन हंगामांची सवलत असते. ती सवलत मी कोल्हटकरांना दिली आणि गेल्या पावसाळ्यात वसुलीला निघालो.

प्रामाणिकपणे सांगतो, मुकाट्यानं वाचताना हसू येत नाही. वाक्य लांबलचक, कोटीवर कोटी, आणि एक कोटी उलगडेपर्यंत पुढच्या दोन निसटतात. सुदामा, बंडूनाना, पांडूतात्या हे तिघं मित्र, पण तिघंही कोल्हटकरांच्याच तोंडानं बोलतात. चिं. वि. जोशींचा चिमणराव आणि गुंड्याभाऊ अंधारात बोलले तरी आवाजावरून ओळखू येतात. इथं दिवा लावूनही बंडूनाना कुठला ते शोधावं लागतं.

आणि दिवाच गेला! रात्री वीज गेली. बाबांना मोतीबिंदूमुळे तसंही दिसत नाही. "काय वाचतं? मोठ्यानं वाच," ते म्हणाले. मोबाइलच्या उजेडात मी वाचू लागलो. दोन पानांनी श्वास घ्यायला थांबलो, तर म्हणाले, "वाच ना पुढं, थांबला काऊन?"

तेव्हा मला उमगलं. ही वाक्यं डोळ्यांसाठी नाहीतच, कानांसाठी आहेत. वकील कोर्टात बोलतो तशी. मुद्द्यावर मुद्दा गंभीर चेहऱ्यानं चढवत न्यायचा आणि शेवटच्या शब्दाला पायाखालची सतरंजी ओढायची. एकट्यानं वाचताना मी सतरंजीच मोजत बसलो होतो. दुसरं असं की, कोल्हटकर सणावारांतल्या रूढींची आणि भोळ्या समजुतींची थट्टा करतात, पण लांब उभं राहून नव्हे. सुदामा स्वतः त्या पंगतीला बसलेला असतो. म्हणून टोचलं तरी राग येत नाही. कोट्या जुन्या झाल्या, हे खरं. थट्टेचा विषय मात्र अजून आमच्या ओसरीवर बसलेला आहे.

हे मी उगाच म्हणत नाही. माझं प्रमोशन दुसऱ्यांदा हुकलं म्हणून बाबांनी घरी शांत करायचं ठरवलं होतं आणि कपाशीच्या पैशांतून दक्षिणाही बाजूला काढली होती. त्यावरून आमचा आठ दिवस अबोला होता. त्या रात्री ते ठसका लागेपर्यंत हसले. मला वाटलं, जिंकलो! आता शांत रद्द.

कसली रद्द! ठरल्या दिवशी शांत झालीच. मात्र मंत्र रंगात आले असताना बाबांनी हळूच माझ्याकडे मान वळवली आणि उपरण्यात तोंड लपवलं. त्यांचे खांदे हलत होते. वकीलसाहेब खटला हरले खरे, पण साक्षीदार फोडून गेले. आमचा अबोला मात्र त्या दिवसापासून सुटला.

प्रमोशन अजून नाही. बाबा रोज रात्री "ते पोह्यावालं काढ" म्हणतात. अकरा वर्षांचं थकीत खातं नियमित झालं. आता 'कोसला'ला नोटीस पाठवायची आहे.