दुसरे पर्व आणि मागे वळलेली कथा : ‘जुजुत्सु कायसेन’चे परीक्षण

भुताखेतांच्या मालिकेचे पहिले पर्व अज्ञातावर चालते. दाराआड काय आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसते, आणि तेवढे भांडवल त्या पर्वाला पुरते. दुसऱ्या पर्वाजवळ हे भांडवल उरलेले नसते. दार उघडून झालेले असते, आतले रूप एकदा पाहून झालेले असते. अशा वेळी निर्मात्यांपुढे साधारणपणे दोन वाटा असतात. भुतांची संख्या आणि ताकद वाढवत नेणे ही एक. आणि ही भुते मुळात कोणाच्या कृत्यातून जन्मली, हे शोधण्यासाठी कथा मागे नेणे ही दुसरी. पहिली वाट सोपी आहे आणि बहुतेक मालिका तिनेच जातात. ‘जुजुत्सु कायसेन’ या जपानी अॅनिमे मालिकेचे २०२३ मधील दुसरे पर्व दुसऱ्या वाटेने निघते आणि मध्यावर पहिल्या वाटेला लागते. म्हणून त्याचे मूल्यमापन एका वाक्यात होत नाही.

अध्यापकांनी या मालिकेकडे का पाहावे, असा प्रश्न रास्त आहे. इंदूरच्या सांवेर रोडवरील कारखान्यांच्या पट्ट्यात काम करता करता एखादा अभ्यासक्रम पुरा करणारा तरुण असो, की महाराष्ट्रातील कम्युनिटी कॉलेजात संगणक वा शिवणकाम शिकणारी मुलगी असो, या वयाच्या मुलांच्या मोबाइलवर जपानी मालिका हिंदी आवाजात पोहोचलेल्या आहेत. घरातील मोठी माणसे दूरदर्शन संचावर ‘रात्रीस खेळ चाले’ पाहत होती, तेव्हा धाकटी पिढी कोपऱ्यात बसून हे पाहू लागली. अध्यापक मात्र ‘कार्टून’ म्हणून विषय सोडून देतात, नाही तर ‘भुताटकी’ म्हणून नाक मुरडतात. दोन्ही निकाल कलाकृती न पाहता दिलेले असतात, आणि विद्यार्थ्यांना ते लगेच कळते.

मालिकेची मूळ कल्पना अशी : माणसांच्या मनातील भीती, द्वेष, पश्चात्ताप यांसारख्या भावना साचत जातात आणि त्यांतून शापरूप जीव जन्माला येतात. त्यांचा नायनाट करणाऱ्यांची एक गुप्त व्यवस्था आहे, तिच्या शाळा आहेत. या लोकांना मराठीत ‘मांत्रिक’ म्हणावे तर अंगारे-धुपारे विकणारा भोंदू डोळ्यांपुढे येतो. पण जवळचा दुसरा शब्द नाही. गेगे अकुतामी यांची मूळ चित्रकथा २०१८ पासून २०२४ पर्यंत जपानी साप्ताहिकात क्रमशः आली. माप्पा या स्टुडिओने केलेले पहिले पर्व ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२१ या काळात प्रसारित झाले. त्याचे दिग्दर्शन सुंगहू पार्क यांचे होते. २३ भागांच्या दुसऱ्या पर्वाची धुरा शोता गोशोझोनो यांच्याकडे आली. ६ जुलै २०२३ रोजी ते सुरू झाले आणि २८ डिसेंबरला संपले.

पहिले पाच भाग भूतकाळात घडतात. साल २००६. सातोरु गोजो आणि सुगुरु गेतो हे तोक्योतील त्या शाळेचे दोन विद्यार्थी, जिवलग मित्र. त्यांच्यावर रिको अमानाई या शाळकरी मुलीच्या रक्षणाची कामगिरी येते. तेंगेन नावाच्या अमर सत्तेत तिला विलीन व्हायचे आहे. मालिका यासाठी गोड शब्द वापरते, पण मराठी वाचकाला खरा शब्द चटकन आठवेल : नरबळी. मुलीला लहानपणापासून सांगितले गेले आहे की यासाठीच तिचा जन्म आहे, आणि तीही अभिमानाने तसे बोलते. अगदी शेवटी गेतो तिला परत फिरण्याची मोकळीक देतो. तेव्हा पहिल्यांदा ती रडते आणि आपल्या माणसांसोबत जगायचे आहे असे सांगते. त्याच क्षणी तोजी फुशिगुरो हा भाडोत्री मारेकरी तिला गोळी घालतो.

हा प्रसंग परिणामकारक आहेच. मात्र या पर्वाची खरी उंची त्यानंतरच्या दृश्यात आहे. मुलीच्या मृत्यूची वाट पाहणारा एक पंथ आहे. गोजो तिचे कलेवर उचलून बाहेर आणतो तेव्हा त्या पंथाचे अनुयायी हसतमुखाने टाळ्या वाजवत उभे असतात. साधी, नीटनेटक्या कपड्यांतली माणसे. यांना मारू का, असे गोजो विचारतो. गेतो नको म्हणतो, कारण त्याला काही अर्थ नाही. पुढे वर्षभर तो टाळ्यांचा आवाज त्याच्या डोक्यातून जात नाही. शाप गिळून ते आपल्या ताब्यात ठेवणे ही त्याची विद्या आहे, आणि त्याची चव ओकारी पुसलेल्या फडक्यासारखी आहे. ज्यांच्या रक्षणासाठी हे गिळायचे, ती माणसे कोण? मालिका या प्रश्नाशी थांबते, घाई करत नाही. पडद्यावर उन्हाळा आहे, रिकामे व्हरांडे आहेत, संवाद थोडे आहेत. गोशोझोनो यांनी येथे जो संयम दाखवला, तो पहिल्या पर्वात कुठेही नव्हता.

मग गेतो एका खेड्यात जातो. गावात घडणाऱ्या अरिष्टांसाठी दोन लहान बहिणींना जबाबदार धरून गावकऱ्यांनी त्यांना मारझोड करून पिंजऱ्यात कोंडले आहे. गेतो गावातील ११२ माणसांना ठार करतो आणि त्या मुलींना घेऊन जातो.

महाराष्ट्रातील अध्यापकाला हे खेडे परके वाटणार नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झाली आणि त्याच वर्षी नरबळी व जादूटोणाविरोधी कायदा राज्यात संमत झाला. करणीच्या संशयाने बायाबापड्यांना मारहाण होणे, हे त्या कायद्यामागचे वास्तव होते. एक भेद मात्र दृष्टीआड करता येत नाही. मालिकेत त्या मुलींजवळ खरोखरच शक्ती आहे आणि शापही खरे आहेत. म्हणून ही मालिका अंधश्रद्धेविरुद्ध आहे असे म्हणणे चूक ठरेल. तिचे म्हणणे वेगळे आहे : अमानवी काही असले तरी पिंजरा माणसांनीच बनवला, आणि पिंजरा पाहून संतापलेला माणूस स्वतः खुनी होऊ शकतो. गेतोचा राग खरा आहे, त्याचे कृत्य अक्षम्य आहे, आणि लेखक या दोहोंपैकी एकही गोष्ट पुसत नाही. वर्गात चर्चेला याहून चांगला प्रसंग सहज मिळणार नाही.

मागे वळण्याची ही युक्ती मराठी प्रेक्षकाला नवी नाही. झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’चे पहिले पर्व २२ फेब्रुवारी २०१६ रोजी अण्णा नाईकांच्या मृत्यूने सुरू झाले होते. जानेवारी २०१९ मध्ये आलेल्या दुसऱ्या पर्वात अण्णा जिवंत होते, कारण कथा त्यांच्या मृत्यूपूर्वीच्या काळात गेली होती. शेवट ठाऊक असलेली गोष्ट ऑगस्ट २०२० पर्यंत चालली, मधल्या टाळेबंदीतील खंड धरून. ज्यांचा जीव अण्णांनी घेतला तेच त्यांना पुन्हा पुन्हा दिसू लागतात. भूत येथे गुन्हेगाराच्या पाठीमागे लागलेला हिशेब आहे. कल्पना बळकट होती. पण माधव अभ्यंकर यांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता प्रेक्षकांना इतकी आवडली की नाईकांच्या वाड्यातील दहशत हळूहळू करमणूक झाली. शकुंतला नरे यांच्या माई सारे सोसत स्वयंपाकघरात वावरत राहिल्या आणि चर्चा अण्णांच्या नजरेची होत राहिली. दोष केवळ निर्मात्यांचा नाही. रोज रात्री भाग द्यायचा म्हटले की जे पात्र लोक मागतात तेच पुढे येते.

जपानी पर्वाला दैनंदिन मालिकेची ही सबब नाही, तरीही त्याचे पाऊल तेथेच घसरते. सहाव्या भागापासून कथा ३१ ऑक्टोबर २०१८ च्या रात्रीकडे सरकते. शिबुया या गजबजलेल्या स्थानकाभोवती अदृश्य पडदा टाकून हजारो माणसे कोंडली जातात. नवव्या भागात गोजोला बंदिस्त केले जाते, आणि हा क्षण पहिल्या पाच भागांची थोरवी सिद्ध करतो. त्याला कोणतेही शस्त्र अडकवू शकत नाही. मेलेल्या मित्राचा देह बळकावलेला शत्रू समोर उभा राहतो, तो चेहरा पाहताच शाळेतील तीन वर्षे गोजोच्या मनात तरळून जातात, आणि तेवढा वेळ शत्रूला पुरतो. भूतकाळ दाखवल्यावाचून हा पराभव कळला नसता.

यानंतर मात्र लढाया सुरू होतात. चित्रकारांचे कौशल्य डोळे दिपवणारे आहे, यात वाद नाही. काही भागांत रेषा मुद्दाम खडबडीत सोडल्या आहेत, काही ठिकाणी काम अपुरे राहिल्यासारखे दिसते. २०२३ च्या अखेरीस चित्रकारांपैकी काहींनी वेळापत्रकाच्या ताणाबद्दल जाहीरपणे लिहिले होते, हे अशा वेळी आठवते. पण मुख्य आक्षेप रेषेचा नाही. पिंजऱ्यातून सुटलेल्या त्या दोन बहिणी मोठ्या होऊन शिबुयात परत येतात. गेतोच्या देहाची विटंबना करणाऱ्याला मारावे, अशी याचना त्या सुकुना या महाशापाकडे करतात, आणि तो त्यांना तिथल्या तिथे संपवतो. ज्यांच्यासाठी ११२ माणसे मेली, त्यांच्या मरणाला काही क्षण मिळतात. पुढच्या झुंजीला भागच्या भाग. सतराव्या भागात सुकुना शहराचा मोठा तुकडा आतल्या माणसांसह नष्ट करतो. त्या माणसांपैकी एकाचेही नाव आपल्याला कळत नाही. प्रेक्षक दृश्याच्या भव्यतेने थक्क होतो, जवळजवळ टाळ्या वाजवतो. पहिल्या पाच भागांनी ज्या टाळ्यांची शिसारी आणली, त्याच टाळ्या.

ही विसंगती निर्मात्यांना जाणवली होती की नाही, हे पर्वातून ठरवता येत नाही. पण त्याच भागाच्या शेवटी देह परत मिळालेला युजी इतादोरी त्या उजाड खड्ड्यापाशी कोसळतो. हात त्याचे होते, कृत्य त्याचे नव्हते, आणि हा भेद त्याला दिलासा देत नाही. पुढच्या भागात त्याचे वडीलधारे सहकारी नानामी त्याच्या डोळ्यांदेखत मारले जातात. जाताना ते त्याच्यावर पुढचे सारे सोपवतात. तो आशीर्वाद आहे की ओझे, हे त्या मुलाला कळत नाही. या दोन प्रसंगांनी पर्व सावरते. अण्णांच्या कथेला असा उत्तरदायी माणूस मिळाला नव्हता. माई होत्या, पण त्यांच्याकडे कॅमेरा पुरेसा वळला नाही.

अखेरच्या भागात वरिष्ठांचा हुकूम जाहीर होतो : युजीच्या मृत्युदंडाची स्थगिती रद्द, अंमलबजावणी तातडीने. ज्या व्यवस्थेने २००६ मध्ये एका शाळकरी मुलीला तेंगेनकडे पाठवायचे ठरवले होते, तिनेच हा निवाडा दिला आहे, आणि त्यावर सही कोणाची आहे हे २३ भागांनंतरही पडद्यावर दिसत नाही.