रान, गाव आणि खेळ : वस्ती उभारणीच्या सहकारी भूमिकाखेळाच्या आरंभाची चिकित्सा

प्रस्तावना :

दिवाळीच्या सुट्टीत महाराष्ट्राच्या अनेक भागांत मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. दगडविटांवर पोते टाकून चिखल थापतात, अळीव किंवा मोहरी पेरून रान उगवतात आणि पायथ्याशी विहीर, शेत, रस्ता व घरे मांडतात. या खेळात कोणी जिंकत नाही आणि कोणी हरतही नाही. सर्वांनी मिळून एक वस्ती उभी करणे हेच त्याचे फलित असते. गेल्या पाच दशकांत प्रौढांसाठीही अशाच प्रकृतीचा एक खेळप्रकार जगभर रूढ झाला असून तो 'रोल प्लेइंग गेम' या नावाने ओळखला जातो. प्रस्तुत लेखात त्यास 'भूमिकाखेळ' असे म्हटले आहे. चार-पाच खेळाडू एकत्र बसतात, प्रत्येक जण एक कल्पित पात्र स्वीकारतो, बहुधा एक जण सूत्रधार होतो आणि संवाद, नियम व फासे यांच्या साहाय्याने सर्वांची मिळून एक कथा घडत जाते. हे कथन मौखिक असते व त्याचे कर्तृत्व सामूहिक असते. त्यामुळे लोकसाहित्याच्या व कथनमीमांसेच्या अभ्यासकाने त्याची दखल घेणे आवश्यक ठरते.

अरण्यात नवी वस्ती वसविणे हा या खेळप्रकारातील एक लोकप्रिय विषय आहे. प्रस्तुत लेखात अशा खेळाच्या केवळ आरंभाचा विचार केला आहे. कादंबरीचे पहिले प्रकरण वाचकास पुन्हा उलटून पाहता येते. खेळाच्या आरंभी जे गृहीत धरले जाते त्यावर मात्र पुढचा सर्व खेळ उभा राहतो आणि नंतर त्याकडे सहसा कोणी मागे वळून पाहत नाही. हा आरंभ मराठीत करावयाचा झाल्यास आपल्या ग्रामरचनेचा इतिहास टाळता येणार नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

कोऱ्या नकाशाचे गृहीतक :

या खेळप्रकाराचा प्रारंभ सामान्यतः १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'पासून मानला जातो. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते होत. मूळ संचातील तिसरी पुस्तिका भुयारांबरोबरच अरण्यप्रवासाचे नियम सांगते आणि अरण्याचा नकाशा म्हणून एका अन्य कंपनीच्या पटखेळाचा पट वापरण्यास सुचविते. पराक्रमी योद्धा पुरेशा वरच्या पायरीस पोहोचला की त्याने गढी बांधावी, भोवतालचा प्रदेश निर्धोक करावा आणि तेथील वस्त्यांकडून कर घ्यावा, अशी या रचनेतील वाटचाल आहे. खेळ मित्रांच्या सहकार्याने चालतो. वस्तीची कल्पना मात्र जहागिरीची राहते. अरण्यात आधीपासून असलेले जीव तेथे मुख्यतः अडथळा म्हणून येतात.

या गृहीतकाला खेळाच्या क्षेत्रातूनच उत्तर दिले गेले आहे. आर. एरिक रॉइस यांचा 'स्पिरिट आयलंड' हा २०१७ मधील सहकारी पटखेळ येथे विचारात घ्यावा लागतो. त्यात खेळाडू बेटावरील निसर्गशक्तींच्या भूमिका घेतात. बाहेरून आलेले वसाहतकार प्रदेश शोधतात, बांधकामे करतात, भूमी उद्ध्वस्त करतात आणि खेळाडूंना त्यांना रोखावे लागते. बेटावर मूळचे रहिवासीही आहेत. एका खेळातील नायक येथे आक्रमक ठरतात. मराठीत 'वसाहत' या एकाच शब्दात वस्ती आणि परकी सत्तेचा अंमल हे दोन्ही अर्थ नांदतात, ही बाब या संदर्भात लक्षणीय आहे.

'रान' या शब्दाची साक्ष :

मराठवाड्यातील शेतकरी 'रानात जातो' तेव्हा तो बहुधा आपल्या शेतात जात असतो. म्हणजे रान हा शब्द अरण्यालाही लागू होतो आणि कसलेल्या जमिनीलाही. त्याच्याच जोडीला माळ, पडीक, गायरान असे शब्द आहेत आणि त्या प्रत्येकात कोणाचा ना कोणाचा हक्क गुंतलेला आहे. गायरान हे त्याचे ठळक उदाहरण होय. महसुली दप्तरात ही जमीन गुरांच्या चराईसाठी राखीव असते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी भूमिहीन, विशेषतः दलित कुटुंबे ती पिढ्यानपिढ्या कसत आली आहेत. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांमागे पडीक जमिनीवरील हक्काचाच प्रश्न होता. नकाशावर जे रिकामे दिसते ते जमिनीवर रिकामे असतेच असे नाही, हे मराठवाड्यातील वाचकास वेगळे सांगण्याची गरज नाही.

मराठी समीक्षेने हा प्रश्न पूर्वीच उपस्थित केला आहे. इरावती कर्वे यांनी 'युगान्त' (१९६७) मधील 'मयसभा' या लेखात खांडववनाच्या दहनाची चिकित्सा केली. पांडवांना राज्य उभारण्यासाठी भूमी हवी होती आणि त्यासाठी वनातील प्राण्यांसह नागांचाही संहार झाला, ही गोष्ट त्यांनी कसलेही गौरवीकरण न करता मांडली. इंद्रप्रस्थ हे अरण्य जाळून वसविलेले नगर होते. याच लेखिकेने कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्यांच्या पाहणीत सहभाग घेतला, हे ध्यानात घेता त्यांची ही दृष्टी केवळ पुराणकथेपुरती मर्यादित नव्हती असे म्हणता येईल.

लोकपरंपरेनेही भूमी निर्मनुष्य वा निर्देव मानलेली नाही. शिवेवरचा म्हसोबा हे त्याचे सर्वपरिचित रूप. कंधार येथे राष्ट्रकूटकाळातील 'जगत्तुंग समुद्र' हा तलाव आहे आणि क्षेत्रपालाच्या एका प्रचंड मूर्तीचे अवशेषही येथे मिळाले आहेत. पाणी साठविणे आणि भूमीच्या रक्षकाला मान देणे या दोन्ही गोष्टी येथील प्राचीन नगराच्या जडणघडणीत शेजारी शेजारी आढळतात. वस्तीच्या खेळात क्षेत्रपालाची भूमिका एखाद्या खेळाडूकडे देणे ही कल्पना आपल्याकडे उपरी वाटू नये.

भूमिका : निवडलेली आणि लादलेली :

भूमिकाखेळाचा प्राण पात्राच्या निवडीत आहे. योद्धा, वैद्य, शोधक, कारागीर यांपैकी कोणीही कोणतीही भूमिका घ्यावी व परस्परांना पूरक ठरावे, यात त्याचा आनंद असतो. वस्तीचा खेळ मराठीत आणताना पाटील, कुलकर्णी, सुतार, लोहार, कुंभार अशी तयार यादी हाती घेण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. वरवर पाहता गावगाडा हा सहकाराचा नमुनाच भासतो. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात काळी-पांढरी, वतनदार, बलुतेदार व अलुतेदार यांच्या परस्पर व्यवहाराचे जे तपशील येतात, त्यांतून खेळाचे नियम सहज रचता येतील.

परंतु या यादीतील भूमिका कोणी निवडलेल्या नव्हत्या. त्या जन्माने लाभत आणि बदलता येत नसत. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई. गावाची हद्द ज्याला सर्वांत नेमकी ठाऊक, त्याचे घर मात्र गावाबाहेर असे. ही विसंगती खेळाच्या नियमांत बसविताना ती केवळ स्थानिक रंग म्हणून उतरली, तर खेळ अन्यायालाच मनोरंजनाचे रूप देईल. वर्गात हा प्रश्न अधिक नाजूक होतो. हजेरीपटावर आडनावे असतात. पाटलाची भूमिका कोणाकडे जाते आणि येसकराची कोणाकडे, हे न बोलताही ठरून जाण्याचा धोका तेथे असतो.

याउलट भूमिका नव्याने घडविणाऱ्या वस्तीचे उदाहरणही महाराष्ट्रात आहे. बाबा आमटे व साधनाताई आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवनाचा आरंभ केला, तेव्हा त्यांच्यासोबत सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये होते. गावाने बाहेर काढलेल्या माणसांनीच तेथे विहीर खोदली व शेत पिकविले. ज्याच्या हाताला जे काम साधेल ते त्याचे, असा तेथील भूमिकांचा आधार होता.

नवे गाव, जुनी पायरी :

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांतील ५२ गावे पूर्णतः नव्या जागी वसविण्यात आली. मराठवाड्यातील अलीकडच्या इतिहासात कोऱ्या कागदावर गाव रेखाटण्याचा एवढा मोठा प्रसंग दुसरा क्वचितच सापडेल. घरांचे क्षेत्रफळ २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट असे तीन प्रकारचे होते व ते कुटुंबाच्या जमीनधारणेनुसार ठरले. भूमिहीन व अल्पभूधारकांस सर्वांत लहान घर आणि मोठ्या जमीनदारांस सर्वांत मोठे. या निकषामागे शेतीच्या गरजांचा विचार असेलही. परंतु भूकंपाने सर्वांचीच घरे पाडली असता, नव्या गावाच्या पहिल्याच नकाशात जुन्या गावातील पायरी उतरली. दगडमातीच्या वाड्यांच्या वळणदार गल्ल्या जाऊन सरळ रेषांचे रस्ते आले तरी ही पायरी हलली नाही. आरंभीचा निकष किती दूरवर पोहोचतो, याचे हे उदाहरण खेळाच्या अभ्यासकानेही नजरेसमोर ठेवावे असे आहे.

निर्णय आणि ऐकून घेणे :

कॅनडातील खेळकर्त्या एव्हरी ऑल्डर यांचा 'द क्वायट इयर' (२०१३) हा खेळ या संदर्भात सर्वांत विचारप्रवर्तक वाटतो. त्यात सूत्रधार नाही. पत्त्यांच्या संचातील ५२ पाने म्हणजे वर्षाचे ५२ आठवडे, चार रंग म्हणजे चार ऋतू. युद्धातून वाचलेल्या एका समुदायाला एक वर्षाची उसंत मिळाली आहे. खेळाडू एकाच कागदावर नकाशा काढत जातात. आरंभी प्रत्येक जण वस्तीसाठी महत्त्वाची एक साधनसंपत्ती सांगतो. त्यांपैकी एकच विपुल आहे असे ठरते आणि उरलेल्यांची टंचाई. पाण्याच्या टँकरची वाट पाहिलेल्या विद्यार्थ्याला या नियमाचा अर्थ तत्काळ कळेल.

या खेळात आपल्या पाळीला खेळाडू नवा शोध लावू शकतो, एखादे काम सुरू करू शकतो किंवा चर्चा घडवू शकतो. चर्चेत प्रत्येकाने एकदाच आणि थोडक्यात बोलायचे असते व शेवटी कोणताही ठराव होत नाही. ज्याला आपल्याला विचारले गेले नाही असे वाटते, तो एक सोंगटी उचलून आपल्यापुढे ठेवतो. समुदायातील रोष असा डोळ्यांसमोर साचत जातो. ग्रामसभेचा अनुभव असलेल्या वाचकास यातील वास्तव परके वाटणार नाही. सभा होते, सर्व बोलतात आणि काम मात्र ज्याची पाळी असते तोच सुरू करतो.

तथापि या खेळाची मर्यादाही नोंदवावी लागेल. खेळाडू येथे व्यक्ती नसून समुदायातील विचारप्रवाह असतात. त्यामुळे अमुक एका माणसाला पाणवठ्यावरून परत पाठविले गेले, ही घटना नकाशावर खूण म्हणून येईल, भोगणाऱ्याच्या आवाजात येणे कठीण. ते सामर्थ्य पात्रांच्या भूमिकाखेळात आहे. दलित आत्मकथनांनी मराठी ग्रामचित्रणात जी भर घातली ती नेमकी याच आवाजाची होती.

एक आक्षेप :

खेळ हा खेळच असावा, कल्पनारम्यतेवर समाजशास्त्राचा भार कशाला, असा आक्षेप येथे संभवतो. त्यात तथ्य आहे. प्रत्येक चालीगणिक प्रबोधन करणारा खेळ कोणी दुसऱ्यांदा खेळणार नाही. परंतु कल्पनारम्यतेचे मोल वास्तवात नसलेली शक्यता अनुभवता येण्यात असते. जन्माने ठरलेली वाटणी नसलेले गाव ही मराठी माणसाच्या दृष्टीने राक्षस व जादूगारांपेक्षाही मोठी कल्पना आहे. ती खेळून पाहण्याची संधी आरंभीच्या निष्काळजीपणामुळे गमावली जाऊ नये, एवढीच येथे अपेक्षा आहे.

निष्कर्ष :

१) वस्ती उभारणीच्या खेळाचा नकाशा कोरा न ठेवता त्यावर आधीचे रहिवासी, वाटा, पाणवठे व देवस्थाने यांची नोंद करून आरंभ करावा आणि त्यांच्या वतीने बोलणारी भूमिका ठेवावी.

२) बलुतेदारीची यादी पात्रांची यादी म्हणून वापरू नये. कौशल्ये स्वतंत्र ठेवून खेळाडूंनी ती निवडावीत व खेळाच्या ओघात बदलावीत.

३) घर, जमीन व पाणी यांच्या पहिल्या वाटपाचा निकष सर्वांसमोर उच्चारून ठरवावा. किल्लारीच्या पुनर्वसनाचा अनुभव तेच सांगतो.

४) ज्याला विचारले गेले नाही त्याची नाराजी दिसेल, अशी सोय नियमांतच असावी.

५) ग्रामीण व दलित साहित्याच्या अध्यापनात अशा खेळाचा पूरक उपयोग होऊ शकतो. भूमिकांचे वाटप मात्र शिक्षकाने हजेरीपटावरून न करता विद्यार्थ्यांवर सोपवावे आणि दर बैठकीस भूमिका फिरत्या ठेवाव्यात.