पन्नास रुपयांचा दंड आणि 'अधिक एक': बेस्ली-बर्जेस पेपर वाचताना



पेटची तयारी करणाऱ्या काही जणांनी विचारलं होतं, की मेथडॉलॉजी समजायला एखादा पेपर सुचवा. मी मूळची भौतिकशास्त्राची, पण आज सुचवतेय तो पेपर अर्थशास्त्राचा आहे. टिमोथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस यांचा, 2004 चा. भारतातल्या कामगार कायद्यांमुळे कारखानदारी मागे पडली का, हा त्यांचा प्रश्न. कायदे सैल करा म्हणणारे आजही या पेपरचा आधार घेतात, म्हणून तो नीट वाचायला हवा.

कल्पना हुशारीची आहे, ते आधी मान्य करू. 1947 चा औद्योगिक विवाद कायदा केंद्राचा होता, पण राज्यं त्यात दुरुस्त्या करू शकत होती. लेखकांनी 16 राज्यांच्या दुरुस्त्या वाचल्या. कामगारांच्या बाजूची असेल तर अधिक एक, मालकाच्या बाजूची असेल तर उणे एक, नाहीतर शून्य. एका वर्षात कितीही दुरुस्त्या झाल्या तरी त्या वर्षाला एकच गुण. मग हे गुण वर्षानुवर्षं बेरीज करत न्यायचे आणि 1958 ते 1992 मधल्या उत्पादनाशी ताडून बघायचे. निष्कर्ष असा, की कामगारांकडे झुकलेल्या राज्यांत नोंदणीकृत कारखान्यांचं उत्पादन, गुंतवणूक आणि रोजगार कमी राहिला.

आता मोजपट्टीकडे बघा. आमच्या लॅबमध्ये कुणी आकडा आणला की सर पहिलं विचारतात, "कॅलिब्रेशन केलं होतं का?" इथेही तेच विचारायचं.

गुजरात या पेपरमध्ये कामगारधार्जिणं राज्य ठरतं. कशामुळे? 1973 च्या एका दुरुस्तीमुळे. संयुक्त व्यवस्थापन परिषदेवर मालकाने प्रतिनिधी नेमला नाही तर दिवसाला 50 रुपये दंड, एवढीच ती. आदित्य भट्टाचार्य यांनी 2006 मध्ये हे दाखवून दिलं. पश्चिम बंगालने कारखाना बंद करायला किंवा कामगार कमी करायला सरकारी परवानगीची अट 50 कामगारांच्या कारखान्यांपर्यंत खाली आणली, ती गोष्ट केवढी मोठी! गुणांच्या हिशेबात मात्र दोन्हीचं वजन तेवढंच. आणि केरळ? ते मालकांच्या बाजूचं. मला तर हसूच आलं.

माझा मोठा आक्षेप वेगळा आहे आणि तो आपल्या महाराष्ट्रावरून लक्षात येतो. इथल्या मालकाला युनियनशी वागताना पहिला प्रश्न पडायचा तो 'बोलायचं कुणाशी?' हा. त्याचं उत्तर औद्योगिक विवाद कायद्यात नव्हतं. ते 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात आणि 1971 च्या मान्यताप्राप्त युनियनच्या कायद्यात होतं. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा कामगार दत्ता सामंतांच्या मागे होते, पण कायद्याने प्रातिनिधिक युनियन होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. मालकांनी तडजोड करायची तर ती संघाशी. हा 1946 चा कायदाच रद्द करा, अशी संपाची एक मागणी होती. अडीच लाख कामगारांचा संप ज्या कायद्यापाशी अडला, त्याला या मोजणीत जागाच नाही, कारण तो 1947 च्या कायद्याची दुरुस्ती नाही! मोजायला सोपं ते मोजलं आणि त्याला नाव दिलं 'कामगार नियमन'.

आणखी एक. राज्यागणिक वेगळा कालप्रवाह गणितात घातला की उत्पादनावरचा परिणाम सांख्यिकीदृष्ट्या उरत नाही. हे लेखकांच्या स्वतःच्या तक्त्यात आहे, त्यांनी लपवलेलं नाही. पण पेपरचा दाखला देणारे तिथवर पोचत नाहीत.

म्हणून कायद्यांचा परिणामच होत नाही, असं मी म्हणत नाहीये. या पट्टीने तो कळत नाही, एवढंच. लेखकांनी कोडिंग उघड ठेवलं म्हणूनच भट्टाचार्यांना ते तपासता आलं, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

पेपर उघडलात तर सारांश बाजूला ठेवा. आधी राज्यांच्या दुरुस्त्यांची यादी घ्या, गुण झाकून स्वतः गुण द्या, आणि मग ताडून बघा. माझे गुजरातलाच चुकले होते.