आश्रय आणि अधिकार : चौलविषयक एका नोंदीची चिकित्सा

रायगड जिल्ह्यातील चौल म्हणजे प्राचीन चेमुल. कान्हेरीच्या शिलालेखांत येथील दायकांचे उल्लेख आढळतात. म्हणून बौद्ध विद्येच्या अभ्यासकांस हे बंदर अपरिचित नाही. अरब प्रवासी त्याला 'सैमूर' म्हणत. शेजारी देशांतील अल्पसंख्याकांच्या हक्कांची चर्चा निघाली, की आपली पूर्वापार सहिष्णुता सिद्ध करण्यासाठी अल्-मसूदीने केलेले या सैमूरचे वर्णन पुढे केले जाते. ते कितपत आधारभूत आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७ च्या सुमारास, मसूदी येथे आला. राष्ट्रकूटांचा मांडलिक शिलाहार झंझ तेव्हा राज्य करीत होता. बंदरात सुमारे १०,००० मुसलमान होते. काही सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले, तर काही याच भूमीत जन्मलेले होते. त्यांच्यापैकी एका प्रतिष्ठित व्यक्तीस राजा 'हुनरमन' म्हणून नेमी आणि समाजाचे व्यवहार तिच्याकडे सोपवी.

नोंद मोलाची आहे. परंतु तिच्यातून काढला जाणारा निष्कर्ष तपासून घ्यावा लागतो. हुनरमनची नेमणूक राजाकडून होत असे. जे राजाच्या मर्जीने मिळते ते त्याच्या मर्जीने जाऊही शकते. शिवाय ही व्यवस्था समुद्रव्यापारावर उभ्या असलेल्या समाजाची होती. ज्यांच्याजवळ ना जहाज ना धन, त्यांच्या वाट्याला काय येत होते, याविषयी ही नोंद मौन बाळगते. तात्पर्य, तिच्यात आश्रय दिसतो, अधिकार दिसत नाही.

हा भेद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी निर्णायकपणे मांडला. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' (१९४७) या निवेदनात त्यांनी अल्पसंख्याकत्वाची कसोटी संख्येत न शोधता सामाजिक भेदभावात शोधली. त्यापूर्वी, १९३० च्या गोलमेज परिषदेत, त्यांनी व रावबहादूर श्रीनिवासन यांनी सादर केलेल्या योजनेत सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरविण्याची मागणी होती. तिची कलमे १९२२ च्या ब्रह्मदेशातील बहिष्कारविरोधी कायद्यावरून घेतली होती. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता. रायगड जिल्ह्यातून गावकीच्या बहिष्काराच्या अनेक तक्रारी आल्या आणि महाराष्ट्राने २०१६ मध्ये संमत केलेला सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१७ मध्ये अमलात आला, हे लक्षात घेता त्या मागणीची दूरदृष्टी ध्यानात येते.

मात्र ज्या ब्रह्मदेशातून हा मसुदा आला, तेथेच पुढे काय घडले? १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने इ.स. १८२३ पूर्वीपासून स्थायिक असलेल्या जमातींना जन्मसिद्ध नागरिक मानले. रोहिंग्या त्या गणनेतून वगळले गेले. २०१७ मध्ये त्यांच्यापैकी सात लाखांहून अधिक लोक बांगलादेशात पळून गेले. श्रीलंकेत १९४८ च्या कायद्याने भारतीय वंशाचे बहुसंख्य तमिळ मळेकामगार राज्यहीन झाले. दोन्ही देश बौद्धबहुल आहेत. वासेट्ठसुत्तात तथागतांनी वनस्पती व प्राणी यांच्यात जातिभेदाची लक्षणे दाखवून मनुष्यांत तशी लक्षणे नसल्याचे प्रतिपादन केले आहे. वंशावर नागरिकत्व ठरविणारा कायदा या सुत्ताशी सुसंगत कसा म्हणावा?

याची दुसरी बाजूही आहे. चितगाव डोंगराळ प्रदेशातील बौद्ध चकमा काप्ताई धरणामुळे विस्थापित झाले. १९९७ चा शांतता करारही त्यांच्या भूमीचा प्रश्न सोडवू शकला नाही. २०१२ मध्ये रामू येथील विहार जाळण्यात आले. अरुणाचलात आश्रय घेतलेल्या चकमांसंबंधी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निर्णय दिला, की नागरिक असो वा नसो, प्रत्येक मनुष्याच्या जीविताचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. येथे आश्रयाची भाषा संपते आणि अधिकाराची सुरू होते.

रामूच्या विहारांसाठी आपण न्याय मागतो, तो योग्यच आहे. परंतु राखाइनच्या रोहिंग्यांविषयी मौन पाळले, तर आपली मागणी धम्माची न राहता केवळ स्वकीयांची उरते. बाबासाहेबांनी दिलेली कसोटी बौद्ध अल्पसंख्य असतील तेथे जशी लावायची, तशीच बौद्ध बहुसंख्य असतील तेथेही लावली पाहिजे. हुनरमनच्या कथेत समाधान मानणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, असे आमचे नम्र मत आहे.