बावीस मिनिटं, पुन्हा पुन्हा

यावेळी स्पेक्ट्रम नाही, इलेक्ट्रोडही नाही. आमच्या लॅबमधला फर्नेस दुरुस्तीला गेला आणि अचानक दोन-अडीच आठवडे हातात आले. गाईड म्हणाले, ‘लिटरेचर वाचून घे.’ मी वाचलंही थोडंफार. बाकी वेळात जे पाहिलं आणि खेळले, त्याबद्दल तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाहीये. सिनेमा-सिरीयलींत संशोधन दिसलं की माझी चिडचिड होते, हे तुम्हाला माहीत आहेच. म्हणून ज्यांनी ते बरोबर दाखवलं त्यांचं कौतुक करायलाही मला तेवढंच आवडतं.

सगळ्यात आधी ‘आउटर वाइल्ड्स’. हा व्हिडिओगेम आहे. ‘मी गेम खेळत नाही’ म्हणून इथेच थांबू नका, मीही खेळत नाही. चुलतभावाच्या पीसीवर त्याने जबरदस्तीने बसवलं. गेम २०१९चा आहे, म्हणजे मला तो सापडायला चांगलाच उशीर झाला. नाव नीट बघून घ्या, कारण त्याच वर्षी ‘आउटर वर्ल्ड्स’ नावाचा दुसराच गेम आला होता आणि मी आधी त्याचाच ट्रेलर बघून ‘यात तर नुसती गोळीबारी आहे’ म्हणून नाक मुरडलं होतं.

गोष्ट अशी. एका छोट्याशा सूर्यमालेतल्या छोट्याशा गावात तुम्ही नवे अंतराळवीर आहात. यान लाकडी, ठिकठिकाणी ठोकून-ठाकून जोडलेलं, आपल्याकडच्या जुन्या एसटीसारखं. तुम्ही उडता, कुठेतरी आदळता, काहीतरी बघता, आणि बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो. सगळे मरतात. मग तुम्ही परत गावातल्या शेकोटीपाशी जागे होता. यान जिथल्या तिथे, गावकरीही तेच बोलणारे. तुमच्याकडे नवीन फक्त एकच गोष्ट असते, ती म्हणजे मागच्या फेरीत जे कळलं ते.

मला हा गेम आवडला तो इथे. यात बंदूक नाही, गुण नाहीत, ‘लेव्हल’ नाही. यान शेवटपर्यंत तेच राहतं. जी दारं सुरुवातीला उघडत नाहीत ती किल्ली मिळून उघडत नाहीत, ती कशी उघडायची हे कळल्यावर उघडतात. ज्याला सगळं ठाऊक आहे तो एकाच फेरीत गेम संपवू शकतो. मला मात्र तीन आठवडे लागले (हो, फर्नेस आल्यावरही चालूच होतं). पीएचडीचं याहून नेमकं वर्णन मला करता येणार नाही. चौथ्या वर्षी जो प्रयोग तुम्ही एका दुपारी करता, तो पहिल्या वर्षीही त्याच दुपारी करता आला असता. उपकरण तेच होतं, फक्त तुम्हाला माहीत नव्हतं. योगायोग असा की हा गेम स्वतःच एका प्रबंधातून आलाय. अ‍ॅलेक्स बीचम या विद्यार्थ्याने अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियामध्ये मास्टर्सच्या थिसिससाठी त्याची सुरुवात केली होती. पुढे २०२०मध्ये त्याला बाफ्टाचा सर्वोत्कृष्ट गेमचा पुरस्कार मिळाला. कोणाचा थिसिस कुठे जाईल सांगता येत नाही.

यानात एक नोंदवही असते. तुम्ही कुठे काय वाचलं, कशाचा कशाशी संबंध लागतोय, हे ती रेषा जोडून दाखवते, आणि एखाद्या ठिकाणी अजून काही बघायचं राहिलंय एवढंच खुणेने सांगते. काय राहिलंय ते सांगत नाही. माझी लॅबची वही आठवली. मार्चपासूनची बहुतेक पानं ‘फिल्म सोलली’ या दोन शब्दांवर संपतात. काचेवर बसवलेला पातळ थर वाळताना सुटून आला, की मी एवढंच लिहिते आणि घरी जाते. गेम खेळताना मी असं कधीच करत नव्हते. सूर्यात पडून मेले तरी परत आल्यावर आधी वही उघडायची, की या मरणातून काय कळलं! (सूर्यात पडणं सोपं आहे. यानाचा ऑटोपायलट मध्ये सूर्य आला तरी वळत नाही, सरळ जातो. एकदा चहा आणायला उठले आणि परत येईपर्यंत संपलेलं.) तर गेल्या आठवड्यात मी वही घेऊन बसले आणि प्रत्येक ‘फिल्म सोलली’समोर त्या दिवशीची आर्द्रता लिहायला घेतली. अजून त्यातून काही निघालेलं नाही.

या सूर्यमालेत तुमच्या आधी दुसरी एक संशोधक जमात राहून गेलीय. त्यांच्या भिंतीवरच्या लिखाणाला फांद्या फुटतात, कारण एकाने लिहिलं की दुसरा त्यावर शंका काढतो, तिसरी म्हणते आधी मोजून तर बघू. त्यांचे प्रयोग फसलेत, अंदाज चुकलेत, एकमेकांची थट्टा झालीय. आमच्या ग्रुप मीटिंगमध्ये जे चालतं तेच, फक्त जरा जास्त प्रेमाने. फसलेल्या प्रयोगाला एवढं मानाचं स्थान देणारी दुसरी कलाकृती मला तरी माहीत नाही. याहून जास्त सांगितलं तर तुमचा गेम बिघडेल.

आता तक्रारी. आपल्या सूर्याएवढ्या ताऱ्याचा असा स्फोट होत नाही. गाभा कोसळून सुपरनोव्हा व्हायला साधारण आठ सूर्यांएवढं वस्तुमान लागतं. आपला सूर्य फुगेल, बाहेरचे थर सोडेल आणि श्वेत बटू होऊन निवत जाईल. हे मी माफ केलं. पण गेममध्ये काही ‘क्वांटम’ वस्तू आहेत, ज्या नजर हटली की जागा बदलतात. कोडं म्हणून ते भन्नाट आहे, अंगावर काटा येतो. फक्त त्यावरून क्वांटम मेकॅनिक्समधलं निरीक्षण म्हणजे कोणीतरी डोळ्यांनी बघणं, असा समज करून घेऊ नका. कणाचा आजूबाजूच्या कशाशीही असा संबंध आला, की ज्याची खूण मागे राहील, तर तेवढं पुरतं. खोलीत कोणी नसलं तरी डिटेक्टर आपलं काम करतो. हा समज आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर फार फिरतोय, आणखी नको.

दुसरं, ‘रॉकेट बॉईज’. सोनीलिव्हवर २०२२ आणि २०२३मध्ये दोन सीझन आले, होमी भाभा आणि विक्रम साराभाई यांच्यावर. बघा, जरूर बघा. जिम सर्भचा भाभा इतका ऐटदार आहे की दोन भाग झाल्यावर मी आरशासमोर तसं बोलून पाहिलं. पण बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा. त्यातला कलकत्त्याचा शास्त्रज्ञ रझा मेहदी, भाभांचा प्रतिस्पर्धी, हे पात्र काल्पनिक आहे. कलकत्ता, सायक्लोट्रॉन, राजकारण, भाभांच्या अणुकार्यक्रमाला विरोध, हे सगळं खऱ्या आयुष्यात मेघनाद साहांचं आहे. ताऱ्याच्या प्रकाशातल्या रेषांवरून त्याचं तापमान कसं काढायचं, हे १९२०मध्ये ज्यांच्या समीकरणाने दाखवलं ते साहा. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या एका गरीब दुकानदाराचा हा मुलगा. जातीमुळे कलकत्त्याच्या हॉस्टेलमध्ये त्याला इतरांच्या पंगतीत जेवू दिलं जात नव्हतं. १९५२मध्ये तो लोकसभेत निवडून गेला आणि अणुकार्यक्रमाच्या गुप्ततेवर जाहीर प्रश्न विचारत राहिला.

मालिकेने साहांचं भांडण घेतलं आणि माणूस वगळला. त्यांच्या जागी एक मुसलमान पात्र आणून त्याला खलनायकी छटा दिली. नाट्य हवं होतं हे कळतं मला. पण साहांचा मुद्दा खलनायकाचा नव्हताच. विज्ञानाचा पैसा कोण खर्च करणार आणि त्याचा जाब कोणाला देणार, हा तो प्रश्न होता, आणि फेलोशिप यायला महिनोन् महिने लागतात तेव्हा आम्ही कँटीनमध्ये हेच बोलत असतो. खानदानी श्रीमंतीतले दोन देखणे तरुण नायक, आणि पंगतीबाहेर बसवलेला मुलगा नावानिशी कुठेच नाही. हे मला अजून खुपतंय. मालिका चांगली नसती तर एवढं खुपलं नसतं.

तिसरी शिफारस थोडक्यात, कारण ती खरं तर बघायचीच गोष्ट आहे. शौनक सेन यांची २०२२ची डॉक्युमेंटरी, ‘ऑल दॅट ब्रीद्स’. दिल्लीतल्या वझिराबादमध्ये नदीम आणि सौद हे भाऊ आणि त्यांचा सहकारी सालिक तळघरात जखमी घारींवर उपचार करतात. मांजाने कापलेले पंख, मांस दळायचं मशीन, वर घरात चाललेली भांडणं, बाहेर शहरात पेटलेलं वातावरण. भावांना स्नायू आणि कंडरा कळतात ते लहानपणीच्या बॉडीबिल्डिंगच्या नादामुळे! निवेदक कोणी नाही. कॅमेरा डबक्यावर, उंदरांवर, कचऱ्यावर इतका वेळ थांबतो की पहिल्या दहा मिनिटांत मी दोनदा फोन हातात घेतला. तिसऱ्यांदा घेतला नाही. फील्डवर काम करणाऱ्या माझ्या रूममेटने नंतर एवढंच म्हटलं, ‘आमचं काम असंच असतं, नुसतं बसून राहायचं.’ एक घार सालिकचा चष्मा पळवते तो प्रसंग मात्र आम्ही तीनदा मागे नेऊन पाहिला.

गेम घेतलात तर दोन सूचना. भाषा इंग्रजी आहे आणि वाचायला भरपूर आहे. यानात मळमळ होते, तेव्हा जेवून लगेच बसू नका. अडलात तरी विकी उघडू नका, फारच अडलात तर मला विचारा, मी उत्तर न सांगता कुठे बघायचं तेवढं सांगेन. फर्नेस सोमवारी सुरू झाला. पुढच्या वेळी परत फिल्म्स.